न दिलेल्या औषधाचे कर्तृत्व

रक्ताचे गोठणे ही शस्त्रक्रियेची पूर्वअट आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या एका जीवघेण्या संकटाचे मूळही तेच आहे. चिरलेल्या ऊतींतून वाहणारे रक्त थांबले नाही तर कोणतीही शस्त्रक्रिया तडीस जाणार नाही. परंतु जखमेच्या तोंडाशी जी प्रक्रिया रक्त थांबवते तीच, रुग्ण निश्चल पडून असताना, पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत सुरू झाली तर तेथे गुठळी धरते, आणि ती गुठळी सुटून हृदयावाटे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली तर काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रयीत गुठळीची तीन कारणे सांगितली जातात: रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. मोठ्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही एकाच वेळी हजर असतात, आणि म्हणूनच रक्तातील गोठवणाऱ्या घटकांचे कार्य रोखणारी हेपरिनसारखी औषधे, ज्यांना लोकव्यवहारात रक्त पातळ करणारी औषधे म्हणतात, अशा रुग्णांना दिली जातात.

ही औषधे मोठ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना उपयोगी पडतात याविषयी वैद्यकात आता फारसा वाद राहिलेला नाही. वाद उरतो तो वेळेचा, कारण एकाच शरीरात, एकाच दिवशी, काही तास रक्त गोठलेच पाहिजे आणि त्यानंतरच्या काही तासांत ते नको तेथे गोठता कामा नये. त्यामुळे औषधाच्या प्रत्येक वेळापत्रकात एक असा कालखंड जाणूनबुजून ठेवावा लागतो ज्यात औषध नसते. या रिकाम्या कालखंडात गुठळी झाली तर ती कोणी केली असे म्हणावे, औषध न देणे ही कृती आहे की कृतीचा केवळ अभाव आहे, आणि अभावाला कारण मानता येत असेल तर त्याचा कर्ता कोण, हे प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात सहसा विचारले जात नाहीत. भारतीय दर्शनांत मात्र ते नेमक्या याच स्वरूपात, अर्थात वेगळ्या उदाहरणांवर, फार बारकाईने विचारले गेले आहेत.

प्रथम वेळापत्रकाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. वॉरफॅरिन हे जुने औषध यकृतात तयार होणाऱ्या गोठवणाऱ्या घटकांची निर्मिती मंदावते, आणि ती निर्मिती पूर्ववत होण्यास दिवस लागतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ते साधारणपणे 5 दिवस थांबवतात. नव्या पिढीच्या गोळ्या शरीरातून लवकर बाहेर पडतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझ’ नावाच्या अभ्यासात, रक्तस्रावाची भीती कमी असलेल्या शस्त्रक्रियांपूर्वी त्या 1 दिवस आणि अधिक भीतीच्या शस्त्रक्रियांपूर्वी 2 दिवस बंद ठेवण्याची पद्धत तपासली गेली, मूत्रपिंड दुर्बल असल्यास काही औषधांसाठी हा काळ वाढवला गेला, आणि शस्त्रक्रियेनंतर अनुक्रमे सुमारे 1 दिवसाने किंवा 2 ते 3 दिवसांनी गोळी पुन्हा सुरू केली गेली. लघुरेणवीय हेपरिन, म्हणजे मूळ हेपरिनचे लहान तुकडे करून बनवलेले आणि त्वचेखाली टोचायचे औषध, प्रतिबंधक मात्रेत दिलेले असेल तर पाठीच्या कण्यात भुलीची सुई घालण्यापूर्वी किमान 12 तास आणि उपचाराच्या मोठ्या मात्रेत दिलेले असेल तर 24 तास जाऊ द्यावे लागतात. भुलीसाठी ठेवलेली बारीक नळी काढल्यानंतरही पुढची मात्रा देण्यापूर्वी किमान 4 तास थांबावे लागते. या काटेकोरपणाचे कारण असे की पाठीच्या कण्यातील पोकळी हा हाडांनी वेढलेला बंदिस्त मार्ग आहे, तेथे झालेल्या अल्प रक्तस्रावालाही पसरायला जागा नसते, ते रक्त मज्जारज्जूवर दाब देते आणि कायमचे अपंगत्व येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 1997 च्या अखेरीस याविषयी जाहीर इशारा दिला होता.

न्यायदर्शनातील एक प्रसिद्ध उदाहरण येथे उपयोगी पडते. अग्नी आहे, लाकूड आहे, दोहोंचा संयोगही आहे, परंतु जवळ एक विशिष्ट मणी ठेवला की लाकूड जळत नाही, आणि मणी दूर केला की जळते. मीमांसकांनी यावरून असे म्हटले की अग्नीत दाहाची एक अदृश्य शक्ती असते आणि मणी ती शक्ती नष्ट करतो. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हे नाकारले. अदृश्य शक्ती मानण्याचे कारण नाही, मणी हा प्रतिबंधक आहे, आणि प्रतिबंधकाचा अभाव हाच दाहाच्या कारणसामग्रीचा एक घटक आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कारणसामग्री म्हणजे ज्या सर्व कारणांची जुळणी झाल्यावर कार्य घडल्यावाचून राहत नाही तो समुदाय. अभावही त्या समुदायात गणला जातो, ही नैयायिकांची भूमिका धाडसी आहे, कारण सामान्य समजुतीप्रमाणे जे नाही ते काही करू शकत नाही. नैयायिकांनी याच्याही पुढे जाऊन उत्तेजक नावाची तिसरी वस्तू मानली: प्रतिबंधक मणी जवळ असतानाही जिच्या सान्निध्याने दाह पुन्हा घडतो ती. हेपरिनचा परिणाम मोडून काढणारे प्रोटामिन हे औषध शस्त्रक्रियागृहात नेमके हेच काम करते. हेपरिन हा प्रतिबंधक, त्याचा अभाव हे गुठळीच्या सामग्रीतील एक कारण आणि प्रोटामिन हा उत्तेजक, असे म्हणताना दर्शनकारांच्या परिभाषेला कोठेही ओढाताण करावी लागत नाही.

अभावाचे प्रकारही येथे तितकेच कामी येतात. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव तो प्रागभाव, आणि तिचा नाश झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. पहिल्याला आरंभ नाही पण शेवट आहे, दुसऱ्याला आरंभ आहे पण शेवट नाही. ज्याला पूर्वी कधीच औषध दिलेले नाही अशा रुग्णात पहिल्या मात्रेपूर्वीचा काळ हा प्रागभावाचा, आणि उपचार पुरा झाल्यावर शेवटच्या मात्रेचा अंश शरीरातून गेल्यानंतरचा काळ प्रध्वंसाभावाचा. परंतु वर्षानुवर्षे वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णाचे पाच दिवस या दोहोंत बसत नाहीत. विश्वनाथ पंचाननांच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत अशाच एका अडचणीची नोंद आहे: जमिनीवरचा घट उचलून नेला आणि पुन्हा आणून ठेवला, तर मधल्या काळातल्या त्याच्या अभावाला काय म्हणावे? काहींच्या मते हा उत्पत्ती आणि विनाश दोन्ही असलेला एक वेगळाच अभाव आहे. परंपरेत त्याला सामयिक अभाव असेही म्हणतात. शस्त्रक्रियेभोवती थांबवलेले औषध हा असा सामयिक अभाव होय, आणि त्याचे वैशिष्ट्य हे की त्याचा आरंभ आणि शेवट दोन्ही कोणीतरी ठरवलेले असतात.

तथापि अभावही कारण असतो या मताला एक भक्कम आक्षेप आहे, आणि तो शंकराचार्यांचा आहे. संध्यावंदन, अग्निहोत्र यांसारखी नित्यकर्मे न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, उत्पन्न होतो असे मीमांसक मानतात. शंकराचार्यांनी गीताभाष्याच्या तिसऱ्या अध्यायाच्या प्रास्ताविकात यावर हरकत घेतली की न करणे हा अभाव आहे आणि प्रत्यवाय ही भावरूप वस्तू आहे. असतापासून सत् कसे जन्मेल, हा छांदोग्य उपनिषदातील प्रश्न त्यांनी येथे मांडला. तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यात त्यांनी पर्यायही सुचवला: न करणे हे दोषाचे कारण नसून पूर्वी साठलेल्या दुरिताचे केवळ लक्षण आहे. हा आक्षेप वैद्यकाला लावून पाहिला तर त्यातील सत्यांश चटकन दिसतो. गुठळी औषधाच्या अभावातून जन्मत नाही. ती मंदावलेल्या रक्तातून, दुखावलेल्या अस्तरातून, कर्करोगासारख्या आजाराने वाढलेल्या गोठण्याच्या प्रवृत्तीतून जन्मते, आणि ही सर्व कारणे भावरूप आहेत. हेपरिनशिवाय जगणाऱ्या कोट्यवधी निरोगी माणसांच्या शिरांत गुठळ्या होत नाहीत, एवढ्यानेही अभाव एकटा काही उत्पन्न करत नाही हे सिद्ध होते.

मात्र गुठळी कशाची बनली हा एक प्रश्न आणि तिचे उत्तरदायित्व कोणाचे हा दुसरा, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू करता येत नाही. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. अनेक कारकांपैकी ज्याला करण्याचे किंवा न करण्याचे स्वातंत्र्य आहे तो कर्ता. शस्त्रक्रियेच्या दिवशी रुग्णाचे वय, त्याचा आजार, चिरेची लांबी, भुलीमुळे आलेली निश्चलता यांपैकी बहुतेक गोष्टी कोणाच्याही स्वाधीन नसतात. सामग्रीतील जो घटक खरोखर माणसाच्या हातात असतो तो म्हणजे प्रतिबंधक असणे किंवा नसणे. कर्तृत्व तेथेच येऊन ठरते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्म आणि अकर्म यांचा विचार करताना हीच दिशा घेतली आहे: डोळ्यांदेखत अनर्थ घडत असता गप्प बसणे हे व्यवहारात अकर्म दिसले तरी तत्त्वतः ते कर्मच ठरते. औषध न देण्याचा निर्णय हा या अर्थाने पूर्णपणे कर्म आहे, आणि ज्याने तो घेतला त्याला ‘काहीच केले नाही’ या शब्दांआड उभे राहता येत नाही.

प्रत्यक्षात मात्र वैद्य, रुग्ण आणि न्यायालये या सर्वांचीच नजर दिलेल्या औषधावर अधिक खिळते. याचे कारण 1975 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, विजय कक्कर यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय चाचणीत फार स्पष्टपणे दिसते. चाळिशी ओलांडलेल्या, मोठी शस्त्रक्रिया होणाऱ्या 4121 रुग्णांपैकी सुमारे अर्ध्यांना शस्त्रक्रियेपूर्वी 2 तास हेपरिनची लहान मात्रा आणि नंतर 7 दिवस दर 8 तासांनी तीच मात्रा दिली गेली. औषध न दिलेल्या गटात 16 जण आणि दिलेल्या गटात 2 जण फुप्फुसात अडकलेल्या मोठ्या गुठळीने मरण पावल्याचे शवविच्छेदनात आढळले. त्याच वेळी जखमेत रक्त साकळण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्या गटात अधिक होते. ज्याच्या जखमेत रक्त साकळले तो माणूस दाखवता येतो, त्याच्या खाटेचा क्रमांक सांगता येतो. औषधाने जे सुमारे चौदा जण वाचले ते मात्र दाखवता येत नाहीत. घरी परतलेल्या दोन हजारांपैकी नेमके कोण औषधाविना मेले असते हे कोणालाही, त्यांना स्वतःलाही, कळू शकत नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अभावाचे ज्ञान अनुपलब्धी या प्रमाणाने होते असे मानले जाते, पण त्याला अट अशी की ती अनुपलब्धी योग्य असावी, म्हणजे वस्तू असती तर ती निश्चित दिसली असती अशी परिस्थिती असावी. एका रुग्णाच्या पायात गुठळी झाली नाही, यावरून औषधाने ती टाळली असे ठरत नाही, कारण औषध नसते तरी ती कदाचित झालीच नसती. वाचवणे हे येथे व्यक्तीच्या पातळीवर ज्ञेयच नाही, केवळ समूहाच्या पातळीवर ज्ञेय आहे, आणि इजा मात्र दोन्ही पातळ्यांवर ज्ञेय आहे. या विषमतेमुळे दृश्य हानी टाळण्याकडे हात आपोआप झुकतो, आणि त्याचे तसे झुकणे नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे असा समज करून घेणे फार सोपे जाते.

भारतात अनेक वर्षे प्रचलित असलेली एक समजूतही याच कसोटीवर तपासली पाहिजे. पाश्चात्त्यांच्या तुलनेत भारतीयांत अशा गुठळ्या क्वचितच होतात, असे कित्येक शल्यचिकित्सक मानत आले आहेत, आणि त्याचा आधार ‘पाहण्यात आल्या नाहीत’ एवढाच असतो तेव्हा तो योग्य अनुपलब्धीचा आधार नसतो. खोल शिरेतील गुठळी अनेकदा काहीही लक्षण न दाखवता असते. तिच्यासाठी डॉपलर सोनोग्राफी केली नाही, आणि अचानक झालेल्या मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले नाही, तर गुठळी असूनही दिसणार नाही. जे शोधलेच नाही त्याचे न दिसणे हे त्याच्या नसण्याचे प्रमाण होऊ शकत नाही, हे कुमारिलांसारख्या सातव्या शतकातील मीमांसकालाही मान्य होते.

न देण्यालाही कर्म मानले की दुसऱ्या टोकाचा धोका उभा राहतो. प्रत्येक रिकामा तास दोषास्पद वाटू लागतो आणि तो काहीतरी देऊन भरून काढण्याची घाई होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडणाऱ्या आणि त्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत ही घाई अनेक दशके चालली. थांबवलेल्या वॉरफॅरिनच्या दिवसांत हेपरिनची इंजेक्शने देऊन मधली पोकळी सांधली जाई आणि या पद्धतीला ‘ब्रिजिंग’ म्हणत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रिज’ चाचणीत अशा 1884 रुग्णांची तुलना झाली. पोकळी तशीच ठेवलेल्यांत धमनीत गुठळी अडकण्याचे प्रमाण 0.4 टक्के आणि इंजेक्शन दिलेल्यांत 0.3 टक्के निघाले, मोठा रक्तस्राव मात्र अनुक्रमे 1.3 आणि 3.2 टक्के. कृत्रिम धातूची झडप बसवलेले रुग्ण या चाचणीत नव्हते, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांना सरसकट लावता येत नाही. परंतु इतरांपुरते असे दिसले की जो रिकामा काळ उपेक्षा वाटत होता तोच अधिक हिताचा उपचार होता. चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर इंजेक्शन न देणाऱ्या दोन वैद्यांच्या हातून बाह्यतः एकच गोष्ट घडते. तरीही त्यांचे कर्म एक नाही, कारण एकाने ते विसरून, किंवा कंटाळ्याने, केले असेल आणि दुसऱ्याने विचारान्ती.

हा भेद पकडण्यासाठी जैन परंपरेतील विवेचन सर्वात नेमके वाटते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेचे लक्षण सांगताना प्राणहानीच्या आधी प्रमादाचा, म्हणजे असावधपणाचा, उल्लेख येतो. अमृतचंद्र आचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात त्याचा परिणाम निर्भयपणे शेवटपर्यंत नेला: सावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली जीव मेला तरी ती हिंसा नाही, आणि असावधपणे वागणाऱ्याच्या हातून कोणी मेले नाही तरी ती हिंसाच. म्हणजे करणे आणि न करणे या रेषेऐवजी सावधपणा आणि प्रमाद ही रेषा निर्णायक ठरते. विचार न करता हेपरिन टोचणारा आणि विचार न करता ते लिहून द्यायला विसरलेला, हे दोघे या रेषेच्या एकाच बाजूला उभे राहतात, रुग्ण सुखरूप घरी गेला तरी. आणि सर्व बाजू पाहून औषध थांबवलेल्याचा रुग्ण दुर्दैवाने गुठळीने दगावला तर तो वैद्य दुःखी असेल, पण हिंसक नसेल. परिणामावरून मागे जाऊन दोष ठरवण्याची जी सवय सर्वत्र दिसते तिला हा विचार थेट विरोध करतो.

वेळेच्याच संदर्भात न्यायसूत्रांतील आणखी एक वाद लक्षात घेण्याजोगा आहे. सूर्योदयानंतर अग्निहोत्राची आहुती द्यावी असे एक वचन, सूर्योदयापूर्वी द्यावी असे दुसरे, आणि प्रत्येकाची निंदाही अन्यत्र आढळते; मग वेद परस्परविरोधी नाही काय? न्यायसूत्रकार गौतमांचे उत्तर असे की निंदा कोणत्याही एका वेळेची नाही, एक वेळ स्वीकारून नंतर ती मोडणाऱ्याची आहे. एनॉक्सापॅरिन या लघुरेणवीय हेपरिनविषयी युरोपात आणि उत्तर अमेरिकेत अशाच दोन परंपरा रूढ झाल्या. युरोपात सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते आदल्या संध्याकाळी, सुमारे 12 तास आधी सुरू करून दिवसातून एकदा 40 मिलिग्रॅम, तर अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर 12 ते 24 तासांनी सुरू करून दिवसातून दोनदा 30 मिलिग्रॅम दिले जाई. दोन्ही परंपरा आपापल्या जागी सुसंगत आहेत आणि दोन्हींची सरमिसळ, म्हणजे आदल्या रात्रीची मात्रा एकीची आणि नंतरची लगेचची मात्रा दुसरीची, धोक्याची आहे. येथवर गौतमांचे उत्तर चपखल बसते, पण त्यापुढे बसत नाही. आहुतीची वेळ वचनाने ठरते आणि वचनापलीकडे तिला दुसरे प्रमाण नाही. मात्रेची वेळ रुग्णाच्या जखमेने, मूत्रपिंडाने आणि मज्जारज्जूने ठरते, आणि शस्त्रक्रिया लांबली किंवा टाक्यांतून रक्त पाझरू लागले तर स्वीकारलेली वेळ मोडणे हाच धर्म होतो. वेळापत्रकाशी निष्ठा आणि रुग्णाशी निष्ठा यांत भेद पडला की प्रमाद वेळापत्रकाच्या वेशातही येऊ शकतो.

सामयिक अभावाचा शेवट ठरवणे हे त्याचा आरंभ ठरवण्यापेक्षा कठीण असते, कारण तोवर रुग्ण बहुधा रुग्णालयाबाहेर असतो. ब्रिटनमधील स्त्रियांच्या एका विशाल पाहणीत, जिचा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, शस्त्रक्रियेनंतर गुठळीचा धोका तिसऱ्या आठवड्यात सर्वाधिक आणि बारा आठवड्यांपर्यंत वाढलेला आढळला. कर्करोगासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना एनॉक्सापॅरिन एका आठवड्याऐवजी चार आठवडे दिल्यास तपासणीत सापडणाऱ्या गुठळ्यांचे प्रमाण 12 वरून 4.8 टक्क्यांवर येते, हे 2002 च्या एका चाचणीने दाखवले, आणि खुब्याचा सांधा बदलल्यानंतर हा काळ 35 दिवसांपर्यंत नेण्याची शिफारस आहे. या आठवड्यांत पोटाच्या त्वचेत इंजेक्शन टोचणारा हात सून, मुलगा किंवा रुग्ण स्वतः यांचा असतो. पतंजलींनी योगसूत्रांत हिंसेचे स्वतः केलेली, करवलेली आणि अनुमोदलेली असे तीन प्रकार सांगितले. न दिलेल्या औषधाचे कर्तृत्वही असेच वाटले जाते, पण ज्याला कारण सांगितलेले नाही त्याच्याकडे ते जाऊ शकत नाही, कारण त्याच्याजवळ स्वातंत्र्य नसते, केवळ आज्ञा असते. ‘पाच दिवस आधी गोळी बंद करा’ एवढेच सांगितले आणि पुन्हा केव्हा सुरू करायची, ते कोण ठरवणार, हे सांगायचे राहिले, तर घट उचलून नेला जातो आणि परत आणण्याचे कोणाच्याच माथी नसते. मग तात्पुरता म्हणून सुरू झालेला अभाव महिनोन्‌महिने चालू राहतो, आणि त्या काळात पक्षाघात झाला तर शल्यचिकित्सक, हृदयरोगतज्ज्ञ आणि घरचे डॉक्टर यांपैकी प्रत्येकजण खरेपणाने म्हणू शकतो की औषध आपण थांबवलेले नाही. म्हणून घरी सोडतानाच्या कागदावर औषध थांबवल्याच्या तारखेशेजारीच ते पुन्हा सुरू करण्याची तारीख, तिचे कारण आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाला आहे त्याचे नाव, हे तिन्ही लिहिलेले असले पाहिजे, आणि ते रुग्णाला वाचून दाखवलेले असले पाहिजे.